चाळीस मार्कांसाठी एवढा इतिहास कशाला?

नववीचं वर्ष सुरू झालं की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. "मॅडम, त्याला इंजिनिअरिंगला जायचंय. चाळीस मार्कांच्या इतिहासात वेळ का घालवायचा?" विचारतात पालक. शेजारी मान खाली घालून बसलेल्या मुलाची अडचण बहुतेक वेळा वेगळीच असते.

असाच एक मुलगा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). गणितात हुशार, इतिहासात काठावर. "पाठच होत नाही. मी ढ आहे," असं पहिल्याच भेटीत सांगून मोकळा. त्याच्या पाठांतराला मी हातच लावला नाही. माझा कल आधी घरातल्या गोष्टी ऐकण्याकडे असतो. या वयात 'आपण कुठले, कोणाचे' हे मुलांना आतून छळत असतं आणि निम्मं उत्तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे असतं. कुटुंब मूळचं बीडकडचं. म्हटलं, "आजीला बहात्तरच्या दुष्काळाचं विचार."

पुढच्या खेपेला तो वैतागून आला.

"आजी म्हणते, लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) खाल्ला, वाटलेली सुकडी खाल्ली, तिची आई सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. बाबा म्हणतात, ती तेव्हा आठ वर्षांची, तिला काय आठवणार!"

"मग खरं कोणाचं धरायचं?"

बराच वेळ गप्प. पंख्याकडे बघत राहिला. मी मुद्दाम काहीच बोलले नाही. अशा वेळी तोंड बंद ठेवणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम.

"साल चुकेल ती," तो सावकाश म्हणाला. "पण काय खाल्लं ते नाही चुकणार. आणि मजुरी किती मिळाली ते मस्टरवर, म्हणजे कामाच्या हजेरीपटावर असेल ना? आजी म्हणते, मस्टरवर अंगठा द्यावा लागायचा."

नववीच्या पुस्तकातला पहिलाच धडा 'इतिहासाची साधने'. लिखित, मौखिक वगैरे. तो त्याने पाठ न करता, स्वतःच्या डोक्याने गाठला होता. खरं सांगते, त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

पुढचा प्रश्नही त्याचाच: "फुकट धान्य का नाही वाटलं? कामच का?" तिथून तो वि. स. पाग्यांच्या कल्पनेतून आलेल्या, मागेल त्याला काम देणाऱ्या रोजगार हमी योजनेपर्यंत पोचला. १९७३च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती, १९७७ साली राज्याने त्याचा कायदा केला, २००५ साली देशाने. ही सालं त्याला आता विचारावी लागत नाहीत. वडीलही खुर्ची पुढे ओढून ऐकत होते.

म्हणून पालकांना माझं सांगणं असतं, की "कितव्या साली?" हे आधी विचारू नका. "कोणी सांगितलं? त्याला कसं कळलं? दुसरं कोणी वेगळं सांगतंय का?" हे विचारा. व्हॉट्सॲपवर इतिहासाच्या नावाने रोज जे काही येऊन पडतं, त्यासाठी तर या सवयीची गरज इंजिनिअरलाही आहे, आणि ती सवय नववी-दहावीतच लागते. अकरावीला सायन्स घेतलं की हा विषयच सुटतो.

मार्कांचं विचाराल, तर वाढले, पण पहिला नंबर वगैरे नाही. सनावळी मात्र परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात घोकावीच लागते. त्याला माझ्याकडेही इलाज नाही.