टर्बो गाडीला घरी बनवलेला कोल्ड एअर इनटेक बसवावा का?

तुमच्या 1.0 लिटर टर्बो पेट्रोलला घरी कोल्ड एअर इनटेक, म्हणजे इंजिनाला बॉनेटबाहेरची थंड हवा देणारी वाट, करून बसवायचाय. (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारं चाक.) पीव्हीसी पाइप चालेल का, कोन फिल्टर कुठला घ्यावा, किती बीएचपी (इंजिनाची ताकद) वाढेल, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी लिहिलंय, 'मित्र म्हणतो घरी केलेलं ते जुगाडच, ब्रँडेड किटच घे.' मी उत्तर लिहायला बसलोय ते या शेवटच्या ओळीमुळे.

पीव्हीसीचं आधी उरकतो. नको. 60 अंशांच्या पुढे साधा पीव्हीसी मऊ पडायला लागतो आणि मे महिन्यात सिग्नलला उभ्या गाडीच्या बॉनेटखाली तेवढं तापमान सहज होतं. फिल्टर ते टर्बो या पट्ट्यात हवा ओढली जाते, म्हणजे मऊ झालेला पाइप आत चेपतो. शिवाय इंजिन त्याच्या रबरी माउंटवर हलतं आणि फिल्टरचा डबा बॉडीला पक्का असतो. मध्ये सलग कडक पाइप घातलात तर कुठेतरी तडा जाणार, आणि तडा गेला की फिल्टर न झालेली धूळ थेट टर्बोत. टर्बोचं चाक मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतं. त्याच्या पात्या ॲल्युमिनियमच्या आणि पातळ असतात. पाइप कापताना राहिलेला एखादा कीस किंवा क्लॅम्पचा सुटलेला स्क्रूसुद्धा त्या चाकाला पुरे आहे.

आता माझं सांगतो. माझी बलेनो आरएस आहे, 2017 ची, 998 सीसी, 102 पीएस. माझ्या बहिणीचे मिस्टर, म्हणजे आमचे दाजी, रत्नागिरीत असतात. त्यांच्याकडे पोलो जीटी टीएसआय, तीही टर्बो पेट्रोल. दाजींनी पुण्याच्या एका दुकानातून उघडा कोन फिल्टर आणि चकचकीत पाइप असं किट बसवून आणलं. नऊ हजार रुपये दिले. त्याच सुमारास मी कोल्हापुरात उद्यमनगरात माझ्या गाडीचं काम करून घेत होतो. घरी बारसं होतं, सगळे पाहुणे जमलेले, आणि दाजींनी माझं बॉनेट उघडून सगळ्यांना दाखवलं. "पावणं, हे पत्र्याचं नरसाळं कशाला लावलंय? चार पैसे टाकून नीट वस्तू घ्यायची की!" लोक हसले. मला ते लागलं, कारण त्या पत्र्यामागे काय काम होतं ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

काम असं होतं. कंपनीचा मूळ डबा मी कापला नाही, तो काढून माळ्यावर ठेवला. भंगार बाजारातून तसाच दुसरा डबा आणला. कापायचं ठरवण्याआधी मोजलं. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, यू आकारात फळीला बांधा, निम्मी रंगीत पाण्याने भरा. एक टोक उघडं ठेवा, दुसरं टर्बोच्या आधीच्या होजमध्ये, म्हणजे रबरी नळीत, बारीक निपल टाकून जोडा. मध्ये एक रिकामी बाटली हवीच, नाहीतर पाणी ओढलं जाऊन इंजिनात जाईल. फुल रेस दिली की दोन बाजूंच्या पाण्यात जो फरक पडतो, तेवढा अडथळा हवेला टर्बोपर्यंत येताना होतोय. साधारण 10 सेंटीमीटर म्हणजे 1 किलोपास्कल. दोन-अडीचशे रुपयांचं सामान आहे.

माझा भाचा, म्हणजे दाजींचाच मुलगा, इंजिनिअरिंगला आहे. तो शेजारी बसून फळी धरायचा. मी तिसऱ्या गिअरमध्ये चढाला पूर्ण दाबायचो आणि तो आकडा वहीत लिहायचा. कंपनीच्या मांडणीत 35 सेंटीमीटरच्या आसपास फरक येत होता. मग निपल फिल्टरच्या अलीकडे लावलं, पलीकडे लावलं आणि अडथळा नेमका कुठे आहे ते शोधलं. कागदी फिल्टरचा वाटा अगदी थोडा निघाला. निम्म्याहून जास्त अडथळा डब्याच्या तोंडाला जी अरुंद नळी असते, स्नॉर्कल, तिच्यात होता. बाकीचा होजमधला. म्हणजे ज्या फिल्टरवर लोक हजारो रुपये घालतात, तो माझ्या गाडीत गुन्हेगार नव्हताच. हे मोजल्याशिवाय कळलं नसतं आणि तुमच्या गाडीत वेगळं निघू शकतं.

मग फक्त तेवढंच बदललं. उद्यमनगरात एक पत्र्याचं काम करणारे मेस्त्री आहेत, साठीचे असतील. त्यांना मी पुठ्ठ्याचा नमुना करून दिला. त्यांनी तो हातात फिरवला आणि म्हणाले, "हा इथला कोपरा मोडू नका, गोल घ्या. हवा पाण्यासारखीच जाते." 1 मिलिमीटर ॲल्युमिनियमचा पत्रा, तोंडाशी बाहेर वळवलेली कड, जोडाला आर्गन वेल्डिंग, आणि डब्याकडच्या टोकाला बीडिंग, म्हणजे जोडाची रबरी नळी (कपलर) निसटू नये म्हणून एक उठाव. आतून हात फिरवला तर वेल्डिंगचा टाका कुठे आहे ते बोटाला लागत नव्हतं. तोंड ग्रिलच्या मागे, रेडिएटरच्या वरच्या पट्टीच्या उंचीवर. घरी आणून मी ते साबणाच्या पाण्याने धुतलं, वाळवलं, पांढऱ्या फडक्याने आतून पुसून बघितलं आणि मगच बसवलं. कंपनीचा कागदी फिल्टर तोच. टर्बोपर्यंतचा कंपनीचा रबरी होजही तोच. पाण्याचा फरक 20 सेंटीमीटरवर आला.

तो होज का ठेवला हे नीट वाचा, कारण घरी इनटेक करणारे सगळ्यात जास्त इथे फसतात. बहुतेक टर्बो पेट्रोल गाड्यांत ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातली (क्रँककेस) तेलकट वाफ बाहेर काढणारी नळी, याच पट्ट्यात जोडलेला असतो. कित्येकांत ॲक्सिलरेटर सोडल्यावर जास्तीचा दाब सोडणाऱ्या बायपास व्हॉल्व्हची परतीची वाटही इथेच असते. सरळ पाइप घातलात की ही तोंडं कुठे जोडायची हा प्रश्न येतो. दाजींच्या गाडीत त्या दुकानदाराने ब्रीदर काढून टोकाला लिंबाएवढा छोटा फिल्टर लावून दिला होता. परिणाम असा, की एसी चालू केला की केबिनमध्ये जळक्या ऑइलचा वास, आणि इंजिनावर तेलकट थर. बहीण पुढच्या सीटवर बसायला तयार होईना. याला लोक 'नीट वस्तू' म्हणतात!

मे महिन्यात आम्ही दोन्ही गाड्या घेऊन रत्नागिरीहून कोल्हापूरला येत होतो. मी फ्रिजमध्ये टाकतात तसले वायरवाले डिजिटल थर्मामीटर दोन घेतले होते. दोन्ही एका भांड्यातल्या पाण्यात टाकून सारखेच दाखवतात याची खात्री केली, आणि दोन्ही गाड्यांत वायरचं टोक फिल्टरच्या तोंडाशी लावलं. साखरप्याच्या पुढे आंबा घाट चढताना एका ट्रकच्या मागे दोघंही अडकलो. बाहेर 34 अंश. माझ्या फिल्टरशी 41. दाजींच्या कोनशी 63. घाट संपून मलकापूरच्या सपाट रस्त्याला वेग मिळाल्यावर त्यांचा आकडा पन्नासच्या खाली आला, हे कबूल केलं पाहिजे. पण टर्बो गाडीला दम लागतो तो घाटातच, ओव्हरटेकलाच. बॉनेटखाली उघडा ठेवलेला कोन हा रेडिएटरच्या पंख्याची गरम हवा ओढतो. त्याला कोल्ड एअर इनटेक म्हणायचं कारणच नाही.

आता तुमचा बीएचपीचा प्रश्न. टर्बो गाडीत थंड हवेचा फायदा साध्या इंजिनापेक्षा कमी का, ते गणिताने बघा. 0.8 बार बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) आणि कॉम्प्रेसरची, म्हणजे टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाची, कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर 30 अंशांची हवा टर्बोतून साधारण 109 अंश होऊन निघते. हीच हवा 50 अंशांनी आत गेली तर 134 च्या आसपास. पुढे ही तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर आहे. तो 70 टक्के काम करतो असं धरा, बाहेर 30 अंश असताना पहिली हवा 54 वर येते आणि दुसरी 61 वर. म्हणजे फिल्टरशी वाचवलेले 20 अंश इंजिनापर्यंत पोहोचताना 7 उरतात. घनतेत फरक 2 टक्के. अडथळा कमी झाल्याचा आणखी दीड टक्का धरा. त्यातही ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, बूस्टचं एक लक्ष्य दिलेलं असतं. वाट मोकळी केलीत तर तो वेस्टगेट (एक्झॉस्टचा धूर टर्बोला टाळून जाऊ देणारी झडप) थोडा जास्त उघडून तोच बूस्ट ठेवतो. रीमॅप, म्हणजे ईसीयूची सेटिंग बदलणं, केल्याशिवाय बराचसा फायदा तिथेच जिरतो. तेव्हा 100 बीएचपीच्या गाडीत दोन-तीन बीएचपी, तेही वरच्या आरपीएमला. किटच्या खोक्यावर 10-15 छापलेलं असेल तर विश्वास ठेवू नका.

मग मी केलं कशाला? मला फरक जाणवतो तो टर्बो पकडायला लागते त्या क्षणी आणि घाटात सलग दाबल्यावर. गाडी तापून मरगळत नाही. आणि दुसरं खरं कारण, मला माझ्या गाडीत हवा कुठून कशी जाते ते कळलं. ते किट विकत घेऊन कळत नाही. आवाज हवा असेल तर उघडा कोन लावा. टर्बोची शिट्टी आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावरचा फुसकारा छानच येतो. पण मग आवाजासाठी लावला असं म्हणा, पॉवरचं सांगू नका. दाजी अजून म्हणतात की त्यांच्या गाडीचा पिकअप वाढलाय. त्यांच्याकडे एकही आकडा नाही. माझ्याकडे त्यांच्याच मुलाच्या हस्ताक्षरातली वही आहे. तुमच्या त्या मित्रालाही विचारा: किट बसवण्याआधी आणि नंतर टर्बोच्या तोंडाशी अडथळा किती होता? तापमान किती होतं? उत्तर आलं तर त्याचं ऐका, नाहीतर उद्यमनगरासारख्या ठिकाणचा चांगला मेस्त्री शोधा. तुमच्या गावातही असतील. त्या हातांना पत्रा, उष्णता, गळती सगळं कळतं. ब्रँडचं लेबल नाही म्हणून त्यांच्या कामाला हसणं मला सहन होत नाही.

काही गोष्टी राहिल्या. तेलाचा कॉटन फिल्टर लावणार असाल तर आधी बघा तुमच्या गाडीला आत येणारी हवा मोजणारा एअर मास सेन्सर, म्हणजे एमएएफ, आहे का. डिझेलमध्ये बहुतेक असतो, काही पेट्रोलमध्येही. तेल जास्त झालं की तो माखतो आणि चुकीचं वाचन देतो. ऊस वाहतुकीच्या दिवसांत आमच्याकडचे रस्ते जेवढे धुळीने भरतात, ते बघता मी कागदी फिल्टरच ठेवीन.

तोंड बंपरच्या खाली नेऊ नका. 'तिथे हवा सगळ्यात थंड' हे बरोबर, पण तिथे पाणीही आधी येतं. 2019 आणि 2021 च्या पुरात कोल्हापूरच्या शिरोलीजवळ हायवेवर पाणी होतं. तेवढं सोडा, साध्या जुलैच्या पावसात तुंबलेल्या रस्त्यावर समोरच्या बसची लाट बंपरवर येते. पाणी सिलिंडरमध्ये गेलं की ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्यात इंजिन प्रोटेक्शनची वेगळी जोड घेतली नसेल तर तो खर्च सहसा मिळत नाही. डब्याच्या तळाला पाणी निघून जायचं बारीक भोक असतं, ते सिलिकॉन लावून बुजवू नका.

आणि वॉरंटी. गाडी वॉरंटीत असेल तर मी हात लावणार नाही, माझी संपल्यावरच केलं. बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल तर क्लेमच्या वेळी वाद होऊ शकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल आहे, तेही एकदा वाचून घ्या. कंपनीचा डबा, स्नॉर्कल आणि स्क्रू एका पिशवीत नाव लिहून ठेवा.

तुमच्या गाडीचं मॉडेल प्रश्नात नाही. ते लिहिलंत आणि बॉनेट उघडून एक फोटो टाकलात, तर ब्रीदर आणि बायपासची तोंडं कुठे आहेत ते बघून सांगतो.