झटक्यानं उचललेलं पोतं

प्रश्न : लातूरच्या मोंढ्यात पंधरा वर्षं हमाली करतो. सोयाबीनच्या दिवसांत पोत्यामागं पैसे, म्हणून झपाझप उचलतो. आता कंबर धरते. सावकाश उचललं तर फरक पडेल का?

उत्तर : दादा, माझे वडीलही मोंढ्यात पोती वाहायचे. रात्री त्यांच्या कमरेला विटेचा शेक मीच द्यायचे. फिजिओथेरपी शिकले ती त्यामुळंच.

फरक नक्की पडेल. 50 किलोचं पोतं स्थिर उचलताना 50 किलोचंच असतं. पण अर्ध्या सेकंदात त्याला सेकंदाला एक मीटर वेग दिला, तर हाताला ते 60 किलोसारखं लागतं. तोच वेग 0.2 सेकंदात दिला तर 75! त्यात पोतं अंगापासून लांब असलं, तर पाठीच्या स्नायूंना त्याच्या कैक पट जोर लावावा लागतो. ते मणक्याला अगदी चिकटून असतात ना.

मात्र रेंगाळूही नका. अर्धवट वाकून पोतं तोलत राहिलात तर स्नायू थकतात, आणि थकलेली पाठ लवकर दुखावते. पोतं आधी मांडीशी ओढा, मग हिसका न देता एका दमात उठा. वळताना कंबर पिळू नका, पाय वळवा. जमेल तिथं जोडीदार घ्या. अमेरिकेतल्या 1991 च्या सूत्रात सगळं अनुकूल असतानाही एकट्यानं उचलायची मर्यादा 23 किलोच धरली आहे. तुम्ही दुपटीहून जास्त उचलता.

पायात मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल तर आठवडी बाजाराची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच तासाला.