बॉल पायथनच्या पेटीत सारखी बुरशी येते. दमटपणा कमी करू का?

नका करू. तुम्ही लिहिलंय की आर्द्रता ७० टक्के राहावी म्हणून दिवसातून दोनदा फवारा मारता, वरची जाळी प्लास्टिकने बंद केलीय आणि कोकोपीटवर, म्हणजे तळाशी घातलेल्या नारळाच्या भुशावर, पांढरे पुंजके येताहेत. आकडा बरोबरच आहे, ६० ते ८० टक्के या सापाला लागतातच. चुकतंय ते पाणी घालण्यात आणि हवा कोंडण्यात.

मीही हेच केलं होतं. न्यू जर्सीतला आमचा पहिला हिवाळा, घरात हीटर चालू, हायग्रोमीटरवर (आर्द्रता मोजायच्या उपकरणावर) २५ टक्के. सापाने कात टाकली ती तुकड्यातुकड्यांत, एका डोळ्यावरची कातेची चकती तशीच चिकटून राहिली. मी घाबरून जाळी पूर्ण झाकली आणि फवारत सुटले. दहा-बारा दिवसांत बुचाच्या सालीखाली कापसासारखी बुरशी, पेटी उघडली की पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांचा वास. पोटाखालचे खवले तांबूस झालेले पाहिले तेव्हा पोटात गोळा आला. ओल्या भुशावर सतत पडून राहिल्याने तसं होतं.

हा साप मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, उंदरांच्या बिळांत, वाळवीच्या वारुळांत राहणारा. बिळातली हवा दमट असते ती खालच्या मातीतल्या ओलीमुळे. पेटीतही ओल तळाशी हवी, वरचा थर कोरडा.

म्हणून सगळा भुसा आधी टाकून द्या. पेटी व्हिनेगरच्या पाण्याने पुसून पूर्ण वाळवा, लाकूड उकळून घ्या. मग कोकोपीट आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे मिसळून चांगला १० सेंटिमीटरचा थर द्या. (देवदार, पाइनचा भुसा नको, त्यांच्या उग्र वासाने सापाला त्रास होतो.) फवारा बाजूला ठेवा आणि पाणी कोपऱ्यांत हळूहळू ओता, म्हणजे ते खाली झिरपतं. खालचा भुसा मुठीत दाबून पाहा: गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. माझ्याकडे हिवाळ्यात आठवड्यातून एकदा ओतलेलं पुरतं. तुमचा अंदाज हायग्रोमीटर बघूनच बांधा, आणि तो काचेवर उंच न चिकटवता साप राहतो त्या उंचीवर ठेवा.

जाळी थोडी तरी उघडी हवीच. दिव्याजवळ प्लास्टिक तर अजिबात नको, आगीचा धोका आहे. विष्ठा दिसली की भोवतालच्या भुशासकट उचला. स्प्रिंगटेल मिळाले तर जरूर सोडा. हे मिलिमीटरभर पांढरे जीव बुरशी आणि कुजकं खाऊन जगतात, सापाला काही करत नाहीत. माझ्या पेटीत ते आल्यापासून पुंजका दिसला तरी दोन-चार दिवसांत नाहीसा होतो.

एक मात्र आजच बघा. साप तोंड उघडून श्वास घेतोय का, शिट्टीसारखा आवाज येतोय का, नाकाशी बुडबुडे आहेत का? यातलं काहीही असेल तर आधी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या, पेटीचं नंतर बघता येईल.