सोमवारी डबे रिकामे, गुरुवारी पावभाजी

प्रश्न : ताई, आम्ही वडगावात राहतो. घरात मी, नवरा, सासूबाई आणि दोन मुलं. मागच्या महिन्यात ह्यांनी मोबाईलवर कसलातरी व्हिडिओ बघितला आणि रविवारी रात्री सांगून टाकलं, उद्यापासून साखर बंद, मैदा बंद, तेल नावाला. बिस्किटं, सॉस, नूडल्स सगळं पिशवीत भरून शेजाऱ्यांना दिलं, आणि ओट्स, किनोवा घेऊन आले. सोमवार-मंगळवार बरा गेला, बुधवारी सगळ्यांची पोटं फुगली, आणि गुरुवारी संध्याकाळी हेच मुलांना घेऊन पावभाजीच्या गाड्यावर उभे! सासूबाई तर 'आमच्या घरात कधी असलं गवत शिजलं नव्हतं' म्हणून दोन दिवस फुगून बसल्या. पॅकेटमधलं खाणं मलाही कमी करायचंय ओ, पण असं एकदम नाही जमायचं. सुरुवात कुठनं करू?
— एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : अहो, पाच माणसांच्या घरात गुरुवारपर्यंत टिकलं हेच पुष्कळ की! आणि पोट फुगलं त्याला कारण आहे, ओट्स वाईट म्हणून नाही. रोज चपाती-भाताची सवय असलेल्या पोटात अचानक दुप्पट चोथा गेला की आतड्यातले जंतू तो आंबवतात, त्याचा गॅस होतो, त्यात पाणी कमी प्यायलं की संपलंच. चोथा थोडा थोडा वाढवत नेला तर पोटाला सवय होते.

माझं म्हणणं एवढंच, डबे रिकामे करू नका, रिकामे झालेले डबे परत भरू नका. म्हणजे सॉसची बाटली आहे ना, संपू दे निवांत, फक्त पुढच्या महिन्याच्या किराणा यादीत सॉस लिहू नका आणि त्या जागी कारळ्याची नाहीतर शेंगाची चटणी करून ठेवा. एका महिन्यात एकच नाव खोडायचं. पहिल्या महिन्यात सॉस गेला, दुसऱ्या महिन्यात नूडल्स आठवड्यातनं एकदावर आले, असं. घरात भांडण होत नाही कारण कुणाच्या हातातनं काही काढून घेतलेलं नसतं.

आणि सुरुवात करायची असेल तर जेवणाला हातच लावू नका, संध्याकाळी पाचचा चहा धरा. आपल्याकडं जेवण तसं चांगलंच असतं ओ, भाकरी, आमटी, पालेभाजी, घोटाळा सगळा त्या पाच वाजताच्या ताटलीत असतो, खारी, टोस्ट, क्रीमची बिस्किटं, शेव. एक दिवस तुमच्या चहातली साखर मोजून बघा. मी मोजली होती, माझ्या कपाला २ चमचे आणि दिवसाला ३ कप, म्हणजे ६ चमचे, साधारण २५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरची साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. म्हणजे माझा अख्ख्या दिवसाचा कोटा चहातच संपत होता, बिस्किट अजून हातात घेतलंच नव्हतं. मग मी दर पंधरा दिवसाला अर्धा चमचा कमी केला, कुणाला सांगितलं नाही, आणि आता बाहेरचा चहा मलाच पाक प्यायल्यासारखा लागतो.

चहासोबत काय? उकडलेली रताळी द्या, आपल्या तालुक्याच्या तांबड्या मातीतली, इथनं बाहेरगावी ट्रक भरून जातात आणि आपली पोरं घरात चिप्स फोडतात. नाहीतर चुरमुऱ्याचं गिरमिट, कांदा-टोमॅटो-कोथिंबीर घालून, वर मूठभर शेंगदाणे. फुटाणे आहेतच.

आता पॅकेट. मुलांना एक काम द्या, मागची बारीक अक्षरं वाचायचं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात, म्हणजे जे पहिलं लिहिलंय तेच सगळ्यात जास्त. मी एकदा 'मल्टिग्रेन' बिस्किटांचा पुडा कौतुकानं आणला, पुढं गव्हाच्या लोंबीचं चित्र, मागं बघितलं तर पहिलं नाव मैदा, मग साखर, मग पामतेल, आणि ती धान्यं यादीच्या शेवटी चिमटीभर. आमच्या पोरीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं, पाहुण्यांसमोर.

सासूबाईंचं मात्र चुकलंच नाही. किनोवा त्यांच्यासाठी गवतच आहे, आणि मोबाईलवाले जे महाग करून विकतात ते त्यांनी लहानपणी रोज खाल्लंय. त्यांना विचारा आंबील कशी करायची ते. नाचणा आपल्या खानापूर भागात पिकतोय, आणि १०० ग्रॅम नाचण्यात ३४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आठवड्यातनं दोन सकाळी आंबील, दोन रात्री चपातीऐवजी ज्वारीची भाकरी, एवढंच पहिल्यांदा. थापायला वेळ नसेल तर कडक भाकरी विकत आणा, ती कितीतरी दिवस राहते. भाजीवाल्या मावशींकडं पुंडी (अंबाडी), शेपू, तांबडी भाजी जे ताजं असेल ते घ्या, कुठली भाजी 'सुपर' आहे ते शोधत बसू नका.

तेल 'नावाला' करायची गरज नाही. माणशी दिवसाला ४-५ चहाचे चमचे धरून चाला, भजी केली त्या दिवशी बाकी भाजीत हात आखडता. मीठ मात्र बघा, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यात पापड, लोणचं, खर्डा सगळं आलं.

आणि आपली बेळगावची मिठाई, कुंदा? पाहुणे आणणारच, तुम्हीही कुणाकडं जाताना नेणारच. खा की. पाव किलोचा बॉक्स उघडला की माणशी एक चमचा वाढून उरलेला त्याच दिवशी वाटून टाका, फ्रीजमध्ये राहिला की रात्री अकरा वाजता दार उघडतंय. (आमच्याकडं कोण उघडतं ते मी लिहिणार नाही.)

एक सांभाळा, घरात कुणाला शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात-साखर कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा, खाणं घटलं आणि गोळी तेवढीच राहिली तर शुगर एकदम खाली जाते.

प्रश्न : साखर सोडून गूळ धरलाय, आमच्याकडं गुऱ्हाळातनंच येतो. आता दोन खडे जास्त चालतील ना?
— अथणी

उत्तर : नाही ओ काका! गुळात थोडी खनिजं असतात खरी, पण बहुतांश साखरच, चमच्याला जवळजवळ तेवढ्याच कॅलरी. गूळ चवीला घ्या, औषध म्हणून नको. घेताना पिवळाधमक बघून भुलू नका, रंग उजळायला हायड्रोस नावाचं रसायन घालतात, काळपट तपकिरी दिसतो तो बरा.

प्रश्न : ताई, मी निपाणीची, बेळगावात पीजीत राहते. मेसमध्ये मैद्याचे पराठे आणि बटाटाच असतो, गॅस लावू देत नाहीत. क्लीन ईटिंग, म्हणजे पॅकेट-मैदा टाळून साधं खाणं, कसं करू?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : रात्री डब्यात मूठभर मूग भिजत घाल, सकाळी पाणी काढून फडक्यात बांध, दुसऱ्या दिवशी मोड येतात. चांगले धुऊन, किटलीतलं उकळतं पाणी ओतून थोडा वेळ झाकून ठेव, मग निथळून कांदा, लिंबू. सोबत केळी, शेंगदाणे, आणि घरनं येताना आईकडनं कारळ्याची चटणी आण, मेसच्या त्या बटाट्यालाही चव येते. किटली चालते का तेवढं आधी मालकिणीला विचार बाई.