हात धरून नेतो, पण सांगत नाही: स्वमग्न मुलांच्या पालकांचे प्रश्न

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, या विषयावर पालकांकडून, एका आजोबांकडून आणि एका शिक्षिकेकडून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रं संक्षिप्त केली आहेत, नावं गाळली आहेत. उत्तरं वाचा-उपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. हाक मारली तर वळून बघत नाही. एकही शब्द बोलत नाही. गाड्या उलट्या करून चाकं फिरवत बसतो. सासूबाई म्हणतात, याचे बाबाही तीन वर्षांनी बोलले. डॉक्टरांचंही म्हणणं, तीन वर्षांपर्यंत वाट बघू. थांबावं का? (एक आई, नाशिक)

थांबू नका. काही मुलं उशिरा बोलतात हे खरं आहे. पण ती मुलं शब्दांची उणीव दुसऱ्या मार्गांनी भरून काढतात. बोट दाखवतात, मान हलवून नाही म्हणतात, टाटा करतात, नवा माणूस दिसला की आधी तुमच्या तोंडाकडे बघतात. म्हणून शब्द मोजण्याआधी त्याचं बोट बघा. बिस्किटाच्या डब्याकडे बोट दाखवणं म्हणजे 'दे'. आभाळातलं विमान दाखवून लगेच तुमच्याकडे वळून बघणं म्हणजे 'तूही बघ ना'. हे दुसऱ्या प्रकारचं बोट साधारण दीड वर्षापर्यंत दिसायला हवं. ते नसेल, पहिल्या वाढदिवसानंतरही नावाला प्रतिसाद नसेल, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणं नसेल किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर यातली एक गोष्टही तपासणीला पुरेशी आहे.

पहिली तपासणी कानांची. ताट वाजवलं की दचकतो, म्हणजे ऐकू येतं, असं धरून चालू नका. काही मुलांना मोठे आवाज ऐकू येतात, पण बोलण्यातले बारीक आवाज निसटतात. बेरा ही ऐकण्याची चाचणी मूल झोपेत असताना करता येते. त्यानंतर विकासात्मक बालरोगतज्ज्ञाकडे जा. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची प्रश्नावली असते. ती चाळणी आहे, निदान नाही. खासगी खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ही केंद्रं चालतात आणि तिथली तपासणी मोफत असते. निदानाचा कागद हातात येईपर्यंत थेरपी थांबवून ठेवायची गरज नाही. मूल बोलत नाही, एवढं कारण थेरपी सुरू करायला पुरतं.

मोबाइल दाखवल्यामुळे स्वमग्नता होत नाही. हा ठपका घरात बहुतेक वेळा आईवर येतो, म्हणून स्पष्ट लिहितो आहोत. तरीही सध्या पडदा बंदच ठेवा, कारण या वयात जागेपणीचा प्रत्येक तास माणसांबरोबर जायला हवा.

प्रश्न : मुलगी चार वर्षांची. काही हवं असलं की माझा हात धरून फ्रिजपाशी नेते आणि उभी राहते. मग मीच एकेक वस्तू दाखवत राहतो. चुकलं की किंचाळते. थेरपिस्टनी चित्रं वापरायला सांगितली आहेत. पण चित्रांची सवय लागली तर ती कधीच बोलणार नाही, अशी भीती वाटते. (वडील, सांगली)

ही भीती आम्ही रोज ऐकतो. चित्रांमुळे बोलणं थांबतं असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. काही मुलं चित्रं वापरतावापरताच शब्द म्हणू लागतात. हात धरून नेणं हीसुद्धा भाषाच आहे. अडचण एवढीच की ती फक्त तुम्हालाच कळते.

चित्र देऊन वस्तू मागण्याची पेक्स नावाची पद्धत आहे. ती १९८५ मध्ये अमेरिकेत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी तयार केली. सुरुवातीला दोन मोठी माणसं लागतात, आणि नेमकी हीच गोष्ट घरी टाळली जाते. तिची सर्वांत आवडती वस्तू निवडा. समजा चकली. चकलीचा फोटो तळहाताएवढा छापून घ्या, पुठ्ठ्यावर चिकटवा आणि लॅमिनेट करा. तुम्ही चकली घेऊन तिच्यासमोर बसा, फोटो तुमच्या दोघांच्या मध्ये. आई तिच्या मागे बसेल. मुलीचा हात चकलीकडे गेला की आईनं मागून, काही न बोलता, तो हात फोटोकडे वळवायचा, फोटो उचलायला लावायचा आणि तुमच्या उघड्या तळहातावर ठेवायला लावायचा. फोटो हातात पडला की त्याच क्षणी 'चकली!' म्हणा आणि चकलीचा तुकडा द्या. आईची मदत हळूहळू मनगटाकडून कोपराकडे आणि मग खांद्याकडे न्या, शेवटी काढून घ्या.

तुकडे नखाएवढे करा. अख्खी चकली दिली तर दोन वेळा मागून झाल्यावर तिचं पोट भरतं आणि धडा तिथेच संपतो. दहा तुकडे म्हणजे मागण्याच्या दहा संधी. ती सहज फोटो द्यायला लागली की तुम्ही थोडे लांब सरका, मग दुसऱ्या खोलीत जाऊन बसा. तिनं शोधत यायला हवं. दोन फोटोंमधून निवडणं त्यानंतर. पहिल्यांदा एक आवडत्या वस्तूचा आणि एक नावडत्या वस्तूचा फोटो ठेवा, म्हणजे ती बघून निवडते की नाही ते कळेल.

बिघडतं कुठे ते सांगतो. एक, 'काय हवं तुला? सांग!' असं विचारलं जातं. मग मूल विचारल्याशिवाय मागतच नाही. दोन, फोटो दाखवून 'हे काय आहे?' अशी परीक्षा सुरू होते आणि मुलाचा त्यातला रस जातो. तीन, फोटोंची वही कपाटावर जाऊन बसते, 'फाडते ना!' म्हणून. वही तिच्या हाताशीच हवी, घरात, आजोळी, रिक्षातही. फाटली तर पुन्हा छापा.

प्रश्न : सहा वर्षांचा नातू तहान लागली की 'तुला पाणी हवं का?' असं म्हणतो. स्वतःबद्दल 'मी आले', 'मी जेवले' असं बोलतो. जाहिराती मात्र तोंडपाठ. शाळेनं सुचवलंय की घरी मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोला. (आजोबा, बेंगळुरू)

पाणी मिळण्याआधी त्याला दर वेळी जे वाक्य ऐकू आलं, तेच तो अख्खं उचलून म्हणतो आहे. याला इकोलेलिया म्हणतात. त्यामागे अर्थ आहे, म्हणून 'असं नाही म्हणायचं' असं टोकू नका. त्याला तहान लागली आहे असं दिसलं की प्रश्न न विचारता त्याच्या तोंडी शोभेल असं वाक्य तुम्हीच म्हणा: 'मला पाणी दे.' आणि पाणी द्या. तो पुन्हा म्हणेपर्यंत पेला अडवून धरू नका. 'मी आले' हे आईकडून आणि शिक्षिकेकडून आलेलं आहे, कारण दिवसभर त्याच्याशी बोलणाऱ्या बहुधा बायकाच असतात. इथे तुमचाच उपयोग आहे. दारातून आत येताना मोठ्यानं 'मी आलो', ताटावरून उठताना 'मी जेवलो' असं तुम्ही आणि त्याच्या बाबांनी म्हणा. जाहिरातीही ऐकून ठेवा. एखादी ओळ तो ठरावीक प्रसंगीच म्हणत असेल तर त्या प्रसंगाचं आणि ओळीचं नातं असतं.

मराठी बंद करू नका. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाची भाषा मागे पडते असं अभ्यासांत आढळलेलं नाही. तुमच्याशी, आजीशी, भावंडांशी तो ज्या भाषेत जोडला जातो ती काढून घेतली, तर घरात त्याच्याशी बोलणारी माणसंच कमी होतात.

प्रश्न : माझ्या वर्गात सात वर्षांचा स्वमग्न मुलगा आहे. मधूनच स्वतःच्या मनगटाला चावतो, डोकं आपटतो. 'काही कारण नसताना करतो' असं पालक म्हणतात. रागावून, समजावून, बक्षीस देऊन झालं. (शिक्षिका, सातारा जिल्हा)

कारण असतंच. ते आधीच्या दोन-पाच मिनिटांत सापडतं, म्हणून तिकडे बघायला हवं. दोन आठवडे एका वहीत तीन रकाने आखून लिहा: आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. 'चिडला' असं लिहू नका, जे दिसलं ते लिहा. उदाहरणार्थ, 'मंगळ, ११.४०. खेळाचा तास रद्द, गणिताची वही काढायला सांगितली. मनगट चावलं. त्याला बाहेर व्हरांड्यात नेलं.' अशी पानं वाचली की आकार दिसू लागतो. वरच्या नोंदीत चावल्यामुळे त्याची गणितातून सुटका झाली. आणि तो चिडला असेल ते गणितापेक्षा ठरलेला तास अचानक बदलल्यामुळे. दोन्हीवर वेगवेगळे उपाय लागतात.

सुटका हवी असेल तर ती मागायचा सोपा मार्ग शिकवा. 'थांबू दे' असं लिहिलेलं लाल कार्ड बाकावर ठेवा. ते दाखवलं की दोन मिनिटं उठू द्या, दर वेळी, न चुकता. पहिले काही दिवस तो दिवसभर कार्ड दाखवेल. दाखवू द्या. चावण्यापेक्षा कार्ड जास्त उपयोगी आहे हे त्याला पटलं की मगच वेळ थोडा थोडा वाढवायचा. बदलासाठी दिवसाच्या तासांची चित्रपट्टी भिंतीवर लावा आणि बदल झाला तर त्याच्यासमोर एक चित्र काढून दुसरं लावा. नुसतं तोंडी सांगितलेलं हवेत विरतं, चित्र जागेवर राहतं.

त्याआधी एक गोष्ट पालकांना आवर्जून सांगा: अचानक सुरू झालेल्या किंवा वाढलेल्या डोकं आपटण्यात दुखणं वगळायला हवं. कान, दात, बद्धकोष्ठ, आम्लपित्त. ज्याला 'दुखतंय' सांगता येत नाही तो डोकंच आपटतो.

हट्ट आणि मेल्टडाउन (सगळं असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटणं) यांत गल्लत होते. हट्ट करणारं मूल मधूनमधून तुमच्याकडे बघतं आणि हवी ती वस्तू मिळाली की थांबतं. मेल्टडाउनमध्ये मूल भरून वाहत असतं आणि वस्तू मिळूनही थांबत नाही. तेव्हा समजावणं म्हणजे आणखी आवाज. बोलणं बंद करा, दिवा मंद करा, गर्दी हटवा, डोक्याखाली उशी किंवा दप्तर सरकवा आणि बाजूला बसून राहा. घट्ट जवळ घेतलेलं काहींना आवडतं, काहींना अजिबात सोसत नाही. ते शांत वेळी तपासून ठेवा. गणपतीत ढोल-ताशा, दिवाळीत फटाके, घरात मिक्सर आणि कुकरची शिट्टी. हे आवाज त्याला नुसते नकोसे नसतात, तर बोचतात. कानावर बसणारे आवाजरोधक हेडफोन दप्तरात असू द्या.

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा, फक्त वरण-भात, दूध आणि एकाच कंपनीची बिस्किटं खातो. (आई, ठाणे)

दिवसाला किती दूध जातं ते आधी मोजा. लिटरभर दूध पिणाऱ्याला भूक लागत नाही, पोट कडक होतं आणि लोहही कमी पडतं. ते हळूहळू ४००-५०० मिलिलिटरवर आणा आणि रक्तातलं हिमोग्लोबिन व फेरिटिन (यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो) तपासून घ्या. नवा पदार्थ आवडत्या पदार्थाजवळचाच निवडा. तुरीच्या वरणातून मुगाच्या वरणाकडे, मग त्यातच पूर्ण घोटलेला चमचाभर दुधी. आधी पदार्थ फक्त ताटाशेजारी राहील, मग ताटात, मग बोट लावून बघणं, वास, ओठ आणि शेवटी घास. एका पायरीवर आठवडाही लागू शकतो. वरणात भाजी गुपचूप लपवू नका. एकदा कळलं की तो वरणही सोडतो, आणि मग खायला उरतं ते दूध.

प्रश्न : स्टेम सेलनं बरा होतो म्हणतात. गहू-दूध बंद करावं का? (पालक, नागपूर)

स्टेम सेल नको. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्वमग्नतेसाठी हा मान्य उपचार नाही. पैसे घेऊन तो करणं गैर आहे. शरीरातले धातू काढण्याच्या नावाखाली दिली जाणारी चिलेशनची औषधं जीवावर बेतू शकतात. गहू-दूध बंद केल्यानं स्वमग्नतेची लक्षणं कमी होतात असा भक्कम पुरावा नाही, आणि आधीच मोजकं खाणाऱ्या मुलाच्या ताटातलं आणखी काही जातं. तीव्र चिडचिड किंवा स्वतःला इजा करणं यासाठी डॉक्टर रिस्पेरिडोन देतात. त्यानं चिडचिड उतरते, बोलणं येत नाही. भूक आणि वजन वाढतं, म्हणून दर महिन्याला वजन नोंदवा.

प्रश्न : दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलं तर मुलीवर कायमचा शिक्का बसेल का? (आई-वडील, कोल्हापूर)

प्रमाणपत्र तुमच्या फायलीत राहतं, हवं तिथेच दाखवायचं. स्वमग्नता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. मोजमाप इसा या ४० मुद्द्यांच्या भारतीय मापनश्रेणीवर होतं आणि ७० किंवा त्याहून अधिक गुण आले तर स्वमग्नता धरतात. अर्ज यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन, तपासणी सरकारी रुग्णालयात. तपासणीला जाताना घरच्या वर्तनाचे दोन-तीन छोटे व्हिडिओ न्या, कारण नव्या खोलीत दहा मिनिटांत मूल खरं दिसत नाही. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल तर ६ ते १८ वयात मोफत शिक्षणाचा हक्क, निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा, आणि आयकराची जुनी पद्धत घेणाऱ्या पालकांना ७५,००० रुपयांची वजावट (८० टक्क्यांपासून पुढे १,२५,०००) मिळते. १८ वर्षं पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. गरज असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो.

प्रश्न : दार उघडं दिसलं की मुलगा धावत सुटतो. गावात विहिरी आहेत. (वडील, लातूर जिल्हा)

कडी दाराच्या वरच्या टोकाला लावा आणि दाराला घंटी बांधा. मोबाइल नंबर शर्टच्या आतल्या बाजूला शिवा. गळ्यातलं कार्ड तो काढून टाकतो. विहिरीच्या मालकांना, दुकानदाराला, रिक्षावाल्यांना मुलाचा फोटो दाखवून सांगून ठेवा की हा हाकेला ओ देणार नाही, ओरडून मागे धावू नका, समोरून जाऊन हात धरा. पोहायला शिकवा, आणि शेवटचे काही धडे अंगावर नेहमीचे कपडे असताना घ्या. तो दिसेनासा झाला तर घरात शोधत बसण्याआधी एका माणसाला विहिरीकडे आणि एकाला शेततळ्याकडे धाडा. त्याच वेळी तिसऱ्यानं ११२ ला फोन करायचा.