‘कॅलिडोस्कोप’ अबेलियाच्या (अबेलिया हे शोभेचं झुडूप) बियांपासून तशीच रंगीत पानांची झाडं येतील का? आणि घरच्या बागेत अबेलियाची नवीन जात तयार करता येते का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही, दुसऱ्याचं अगदी हो.

तुम्ही शार्लटला राहता असं लिहिलंय. ‘कॅलिडोस्कोप’ तुमच्याच नॉर्थ कॅरोलायना राज्यातली. तिथल्या एका रोपवाटिकेत ‘लिटल रिचर्ड’ या हिरव्या अबेलियावर एक फांदी पिवळ्या कडांची फुटली, आणि तिच्या छाटांवरून ही जात वाढवली गेली. कडेला असा वेगळा रंग असलेली झाडं बियांतून तशीच उतरत नाहीत. रोपं बहुधा साधी हिरवी निघतात, नाहीतर हरितद्रव्यच नसलेली फिकट, आणि ती दुसऱ्या पानावर यायच्या आत मरतात. तसाच रंग हवा असेल तर छाट कलमच करावं लागतं. जून-जुलैतली कोवळी फांदी, थोडं रूटिंग हार्मोन (मुळं फुटायला मदत करणारं औषध) आणि दमट हवा एवढ्यावर अबेलिया सहज मुळं धरते. पण त्याआधी कुंडीचं लेबल बघा. त्यावर ‘पीपी’ आणि पुढे आकडा असेल तर ते अमेरिकेतलं वनस्पती पेटंट आहे, म्हणजे त्या जातीवरचा पैदासकाराचा हक्क. अर्ज केल्यापासून 20 वर्षं, म्हणजे पेटंट चालू असेपर्यंत, परवानगीशिवाय छाटांवरून रोपं करता येत नाहीत, अगदी शेजाऱ्याला फुकट द्यायलासुद्धा नाही. पैदासकाराची मेहनत त्यात असते, तेव्हा हा नियम मनापासून पाळावा.

आता नवीन जातीबद्दल. मी अटलांटाजवळ राहते आणि हाच माझा छंद आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

आई म्हणून, म्हणजे बी धरणारं झाड म्हणून, अबेलिया चायनेन्सिस ही प्रजाती घ्या. सगळीकडे कुंपणाला दिसते ती ग्रँडिफ्लोरा स्वतःच संकरित आहे, चायनेन्सिस आणि युनिफ्लोरा यांची. 1886 मध्ये इटलीत माज्जोरे सरोवराकाठी पालांझा इथल्या रोव्हेली रोपवाटिकेत ती निघाली. तिला बी फार कमी धरतं. चायनेन्सिस मात्र भरपूर बी देते, शिवाय फुलांना सुगंध आहे आणि फुलपाखरं तर झाड सोडत नाहीत. जॉर्जिया विद्यापीठात मायकेल डर यांनी ‘रोज क्रीक’ आणि ‘कॅनियन क्रीक’ निवडल्या, त्यासुद्धा चायनेन्सिसच्याच बियांतून.

संध्याकाळी उद्या उमलेल अशी फुगलेली कळी शोधा. पाकळ्यांची नळी चिमटीत धरून हलकेच ओढा. चारही पुंकेसर नळीला आतून चिकटलेले असल्यामुळे नळीबरोबरच बाहेर येतात. मागे उरतो फक्त बारीक कुक्षीवृंत (दांडी) आणि त्याच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढी कुक्षी, जिच्यावर पराग पडतात ती. कात्री, चिमटा काही लागत नाही. दुसऱ्या दिवशी वडील-झाडाचं, म्हणजे ज्याचे पराग वापरायचे त्याचं, ताजं उमललेलं फूल फाडून त्याचे परागकोश त्या कुक्षीवर टेकवायचे आणि देठाला रंगीत दोरा बांधायचा. पाकळ्याच नसल्यामुळे मधमाश्या त्या फुलाकडे सहसा फिरकत नाहीत.

चिकाटी लागते ती पुढे. अबेलियाच्या बीजांडकोशात (फुलाच्या बुडाशी बी तयार होतं त्या भागात) तीन कप्पे असतात, पण बी धरू शकतो एकच. म्हणजे एका फुलाला फार तर एक बी. याच कुळातल्या वायगेला या झुडपाला बोंडं येतात आणि एकेका बोंडात पुष्कळ बिया असतात, तिथे एक संकर जमला की काम झालं. इथे फुलामागून फूल करत बसावं लागतं, आणि त्यातल्याही बऱ्याच बिया पोकळ निघतात. नखाने दाबून बघा, पोकळ बी लगेच चेपतं. भरलेल्या बिया पिकल्या पिकल्या पेरून टाका, साठवू नका.

रोपं फुलायला लागली की आधी निदलं (पाकळ्यांच्या खालची छोटी पानासारखी दलं) मोजा. चायनेन्सिसला पाच असतात, युनिफ्लोराला दोन. दोघींच्या संकरात दोनपासून पाचपर्यंत, कधी दोन निदलं अर्धवट जोडलेलीही दिसतात. आईसारखी पाचच्या पाच सगळीकडे सुटी असतील तर तुमच्या दोऱ्याआधी माशी पोचली होती असं समजायला हरकत नाही. आणि माझ्या मते अबेलियाची खरी शोभा निदलांतच आहे. फुलं गळतात, ती मात्र गुलाबी-तांबूस होऊन थंडी पडेपर्यंत झाडावर राहतात. फुलाच्या रंगावर भाळून रोपं ठेवू नका. गाभ्यातून लांबलचक फोक फेकणारं, हिवाळ्यात उघडंबोडकं होणारं रोप कितीही छान फुललं तरी काढून टाका.

(क्लार्क एबल, ज्यांच्यावरून या झाडाला नाव पडलं, ते 1816-17 मध्ये लॉर्ड अ‍ॅमहर्स्टच्या वकिलातीबरोबर डॉक्टर म्हणून चीनला गेले होते. परतताना जहाज फुटलं, जवळचे सगळे नमुने बुडाले. आधी दुसऱ्याकडे दिलेले थोडे वाचले, त्यावरून वनस्पतीचं वर्णन झालं. पुढे ते अ‍ॅमहर्स्टबरोबर हिंदुस्थानात आले आणि 1826 मध्ये कानपूरला वारले.)

‘कॅलिडोस्कोप’च्या बिया गोळा केल्या असतील तर त्या फेकू नका, पेरा. आजूबाजूला दुसऱ्या अबेलिया असतील तर काय निघेल सांगता येत नाही. ‘कॅलिडोस्कोप’वर पूर्ण हिरवी फांदी दिसली तर मात्र बुडापासून छाटा. ती जोमाने वाढते आणि रंगीत भाग मागे पडतो.