ट्रोजन पुसला, तरी पुन्हा येतो

प्रश्न : माझा डीटीपीचा आणि लग्नपत्रिका छपाईचा व्यवसाय आहे. महिन्यापूर्वी डिझाइनच्या एका महागड्या सॉफ्टवेअरचा ‘क्रॅक’ (परवाना न घेता ते चालवणारी फोडलेली आवृत्ती) डाउनलोड केला. तेव्हापासून अँटिव्हायरस ‘ट्रोजन सापडला, काढून टाकला’ असे सांगतो. पण संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की तोच संदेश येतो. गेल्या आठवड्यात माझ्या ईमेल खात्यात कुणीतरी परस्पर शिरल्याचेही दिसले. हा ट्रोजन आला कसा आणि कायमचा जाईल कसा?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या पत्रातील ईमेल खात्याचा उल्लेख मला सर्वांत गंभीर वाटतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. त्या संगणकाचे इंटरनेट आधी तोडावे आणि आपल्या फोनवरून किंवा घरातील दुसऱ्या, निर्धोक संगणकावरून प्रथम ईमेलचा, मग बँकेचा व इतर खात्यांचा पासवर्ड बदलावा. बाधित संगणकावरच नवा पासवर्ड टाकला, तर तोही चोराच्या हाती जाऊ शकतो. पासवर्ड बदलल्यावर खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन सर्व उपकरणांवरून साइन आउट करावे. याचे कारण असे, की या जातीचे अनेक ट्रोजन (उपयोगी सॉफ्टवेअरच्या वेशात येणारे घातक प्रोग्राम) ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तर नेतातच, शिवाय आपण आधीच लॉग-इन केलेले आहे हे संकेतस्थळाला पटवून देणाऱ्या कुकीजही नेतात. आणि अशी कुकी ज्याच्या हाती पडते, त्याला पुष्कळदा पासवर्डही विचारला जात नाही आणि ओटीपीही नाही. बँकेतून पैसे गेले असतील, तर बँकेला कळवून 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी. तिथे वेळेला फार किंमत आहे.

आता तो आला कसा, ते पाहू. ट्रोजन हा व्हायरससारखा एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत स्वतःहून पसरत नाही. ट्रॉयच्या लोकांनी लाकडी घोडा स्वतःच वेशीच्या आत ओढून नेला होता, तसे इथेही दार आपल्याच हातून उघडले जाते. क्रॅकची झिप फाइल बहुधा पासवर्डने बंद असते आणि तो पासवर्ड शेजारच्याच मजकूर फाइलीत लिहिलेला असतो. ही सोय आपल्यासाठी नसते. कुलूपबंद झिपच्या आत अँटिव्हायरसला डोकावता येत नाही, म्हणून ती केलेली असते. त्याच मजकुरात ‘इन्स्टॉल करण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते, आणि ती पाळली की पहारेकरीही बाजूला होतो. सॉफ्टवेअर खरोखर सुरू होते, त्यामुळे संशय येत नाही.

पुसलेला ट्रोजन परत येतो, कारण अँटिव्हायरसने उचललेली फाइल हा त्याचा एकच तुकडा असतो. दुसरा तुकडा विंडोजच्या ‘टास्क शेड्युलर’मध्ये किंवा ‘स्टार्टअप’च्या यादीत बसून दर वेळी पहिला पुन्हा आणतो. ‘विंडोज सिक्युरिटी’मधील ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या सेटिंगमध्ये खाली ‘एक्सक्लूजन्स’ असा भाग आहे, तो अवश्य उघडून पाहा. तिथे आपण न घातलेले फोल्डर, क्वचित अख्खा सी ड्राइव्ह नोंदवलेला आढळतो. म्हणजे तेवढी जागा तपासूच नये, असे ट्रोजनने बजावून ठेवलेले असते. त्या नोंदी काढाव्यात, क्रॅक आणि त्याची झिप दोन्ही काढावीत, आणि ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ‘डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ चालवावा. यात संगणक पुन्हा सुरू होऊन विंडोज चालू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे विंडोजसोबत जागा होणाऱ्या ट्रोजनला लपायला वाव कमी मिळतो. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही मोफत साधने आहेत.

तरीही आपल्या बाबतीत खाते फोडले गेलेले असल्यामुळे मी विंडोज नव्याने टाकण्याचाच सल्ला देईन. पत्रिकांच्या फाइली, फोटो आणि हिशेब बाहेरच्या डिस्कवर घ्यावेत. कोणतीही इन्स्टॉलेशन फाइल मात्र घेऊ नये. दुसऱ्या निर्धोक संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून किमान 8 जीबीचा पेनड्राइव्ह तयार करावा आणि सिस्टीमची जुनी पार्टिशन (डिस्कचा विंडोज असलेला भाग) पुसून विंडोज टाकावे. एक दिवस धंदा बंद राहील, हे मला कळते. पण ग्राहकांचे फोन नंबर आणि पत्ते त्याच संगणकात आहेत.

प्रश्न : ओळखीच्या माणसाच्या ईमेलमधून ट्रोजन येऊ शकतो का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : होय. 2014 मध्ये आढळलेला ‘इमोटेट’ हा ट्रोजन पुढे बाधित संगणकावरील जुना पत्रव्यवहार चोरून, त्याच विषयाला उत्तर म्हणून वर्ड फाइल पाठवू लागला. ती उघडून ‘एनेबल कंटेंट’ दाबले, की मॅक्रो (फाइलीत दडवलेल्या, आपोआप चालणाऱ्या आज्ञा) चालून ट्रोजन उतरत असे. जानेवारी 2021 मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी त्याचे जाळे मोडले, तरी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो परतला. पुढच्या वर्षापासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो आपोआप अडवायला सुरुवात केली. तेव्हापासून भामटे झिप आणि शॉर्टकट फाइलींकडे अधिक वळले आहेत. विंडोजमध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ (फाइलीचा प्रकार सांगणारे नावाचे शेपूट) दाखवण्याचा पर्याय सुरू ठेवावा, म्हणजे ‘बिल.पीडीएफ’ असे दिसणारे नाव प्रत्यक्षात ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’, म्हणजे बिल नसून प्रोग्राम आहे, हे उघडण्यापूर्वीच कळेल. शॉर्टकट फाइलीचे शेपूट मात्र तरीही दिसत नाही, तिच्या चिन्हावरचा छोटा बाण पाहावा. शंका आली, तर त्या मेलला उत्तर न देता त्या व्यक्तीला फोन करून विचारावे.